कार नुसती

चूक माझीच. मागच्या दिवाळीत पुण्याला गेलो होतो. यरवड्याच्या गोल्फ कोर्सवर अठरावं होल संपवून चहा पिताना मी सहज म्हणालो, "या की एकदा तिकडे. कार्नूस्टीला खेळू." मराठी माणूस "या एकदा घरी" म्हणतो, ते समोरचा येणार नाही या भरवशावर. पण सोमवारी उठून बघतो तर व्हॉट्सॲपवर ग्रुप तयार, आठ सभासद, आणि ॲडमिन मी. का? तर "तू तिथेच राहतोस."

मी स्कॉटलंडमध्ये एडिंबराला राहतो. कार्नूस्टीचा गोल्फ कोर्स तिथून सत्तरेक मैल, डंडीच्याही पुढे, उत्तर समुद्राच्या काठावर. पुण्यात राहणाऱ्याने महाबळेश्वरला पाऊस पडणार नाही याची हमी द्यावी, त्यातला हा प्रकार.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मेहुण्याला टाइप करायचा कंटाळा, तो फोनशी बोलतो आणि फोन लिहून घेतो. मेसेज आला, "कार नुसती बुक झाली का?"

ग्रुपमधल्या सीएने तत्परतेने उत्तर दिलं, "कार नुसती कशाला? ड्रायव्हरसकट घ्या. परक्या मुलखात कोण चालवणार?"

मेहुणा म्हणाला, "ड्रायव्हर माझा मी आणतोय. नवीन घेतलाय, टायटॅनियमचा."

सीए गोल्फमध्ये नवखा. खेळायला लागून सहा महिने झालेत, आणि ड्रायव्हर म्हणजे लांब मारायची काठी हे त्याच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही. दीड दिवस तो गप्प होता. मग त्याने मला खाजगीत विचारलं, "यांच्या ड्रायव्हरच्या पायाचं ऑपरेशन झालंय का?"

ग्रुपमध्ये खेळाची खरी जाण दोघांनाच. एक निवृत्त कर्नल, आणि दुसऱ्या आमच्या वहिनी, म्हणजे ग्रुपमधल्या डॉक्टरांच्या पत्नी. हँडिकॅपचा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला. वहिनींचं हँडिकॅप अकरा, डॉक्टरांचं एकतीस, त्यामुळे त्या घरात गोल्फचा विषय जेवताना काढत नाहीत. कर्नल रोज पहाटे पाचला कार्नूस्टीचा इतिहास पाठवतात. ब्रिटिश ओपन इथे १९३१ पासून आठ वेळा झाली. गोरे लोकसुद्धा या कोर्सला 'कार-नॅस्टी' म्हणतात. १९७५ साली टॉम वॉटसन इथे जिंकला, पण सोळाव्या होलवर पाच दिवसांत एकदाही त्याला पार, म्हणजे ठरलेल्या फटक्यांत होल पुरं करणं, साधला नाही. आणि सोळावा पार थ्री, म्हणजे तीनच फटक्यांचा आहे. कर्नलनी खाली लिहिलं, "तो टॉम वॉटसन होता. आपण कोण आहोत, विचार करा." यावर सहा जणांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

सगळ्यांत गाजली ती १९९९ची गोष्ट. ज्याँ व्हान द वेल्ड नावाचा फ्रेंच गडी शेवटच्या होलला तीन फटक्यांची आघाडी घेऊन उभा होता. पार फोरवर सहा फटके लागले असते तरी कप त्याचाच. दुसरा फटका प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्यावर आपटला, तिथून ओढ्याच्या दगडी भिंतीवर, तिथून मागे गवतात. तिसरा थेट ओढ्यात. या ओढ्याचं नाव बॅरी बर्न. तो सापासारखा वळसे घेत शेवटच्या होल्समध्ये परत परत आडवा येतो. बिचाऱ्याने बूट-मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि भात लावायला निघाल्यासारखा पाण्यात उतरला. चेंडू मारायचा बेत शेवटी सोडला, पण व्हायचे ते सात फटके झालेच. मग बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये शेजारच्या ॲबर्डीनचा पॉल लॉरी जिंकला. लॉरी त्या दिवशी सकाळी दहा फटके मागे होता.

एवढं वाचून माणसाने घाबरावं की नाही? डॉक्टरांनी विचारलं, "ओढ्यात उतरून फोटो काढू देतात का?"

वाऱ्याचंही तेच. हा कोर्स लिंक्सवर आहे. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतं यांच्या मधली वाळूची उंचसखल पट्टी. वारा अडवेल असं झाड औषधालाही नाही. मी नीट समजावलं, की अहो, १८७९च्या डिसेंबरात याच भागात टे नदीवरचा रेल्वेपूल वादळात गाडीसकट कोसळला होता. मेहुण्याने लिहिलं, "मग विंडचीटर आणू का?"

पिवळ्याधमक फुलांच्या झुडपांचा फोटो पाहून सगळे हरखले. ते गॉर्स. मे महिन्यात फुलतं आणि त्याला चक्क खोबऱ्याचा वास येतो. वहिनी म्हणाल्या, नारळीभाताची आठवण होईल. चेंडू शोधायला मी गेल्या वर्षी त्यात हात घातला होता. हात बाहेर आला तो मांजराशी भांडल्यासारखा, कोपरापर्यंत, आणि चेंडू निघाला दुसऱ्याच कुणाचा. पुण्यात हे कळत नाही, कारण तिथे बॅग उचलायला कॅडी असतो. चेंडू झाडीत गेला की तो आधी पोचतो, आणि आपण धापा टाकत जाईपर्यंत चेंडू गवतावर ऐटीत बसलेला असतो. कसा, ते विचारायचं नसतं. इथे आपली बॅग आपण ओढायची आणि आपलं पाप आपण शोधायचं.

मग कुणीतरी म्हणालं, एवढं येतोय तर सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्सही करू. जसं काही कोल्हापूरला गेल्यावर जोतिबा. मी सांगितलं, तिथे सोडत असते. दोन दिवस आधी नावं द्यायची, एका अर्जात चारच माणसं, आणि नशीब असेल तर नंबर लागतो. "म्हणजे म्हाडा!" सीए प्रथमच उत्साहात आला. पण आठ जणांचे दोन अर्ज, आणि एकाच अर्जाचा नंबर लागला तर? यावर चार दिवस खल झाला. वहिनींच्या अर्जात सगळ्यांना जायचं होतं, डॉक्टर सोडून. शेवटी ठरलं रविवारी जायचं. रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो, गावातले लोक तिथे कुत्री फिरवतात. म्हणजे आम्ही आठही जण एकत्र जाणार, हे नक्की.

पैशांच्या बाबतीत मात्र माझी गत गणपतीची वर्गणी मागणाऱ्यासारखी झाली. एका फेरीला माणशी तीनशे पौंडांच्या वर, आणि ते आधी भरायचे. "आठ जणांचं होलसेल काही?" "नऊच होल खेळलो तर निम्मे?" सगळ्यांत शांत सीए. त्याने हिशेब मांडला, "एका होलला सतरा पौंड पडतात. मला होलला दहा फटके लागतात. म्हणजे फटका पावणेदोन पौंडाला. वहिनींना चार लागतात, त्यांना फटका सव्वाचारला पडतो. खेळ सुधारला की महाग होत जातो." त्या रात्री पाच जणांनी पैसे पाठवले.

आता राहिली गाडी. आठ माणसं, म्हणून नऊ सीटची व्हॅन घेतली. ती दारात आणून मी नमुन्यादाखल माझी गोल्फ बॅग आत आडवी ठेवली, तर दाराला टेकली. अशा आठ, वर आठ सुटकेसी, शिवाय पाच किलो भाजणी, कारण स्कॉटलंडमध्ये उपाशी मरायची भीती. मी फोटो टाकला. कर्नलनी दहा मिनिटांत युद्धयोजना पाठवली: सीटा दुमडून सगळं सामान व्हॅनमध्ये, आणि तुकडी रेल्वेने. कोर्सला लागून गोल्फ स्ट्रीट नावाचं स्टेशनच आहे. तिथे दिवसातून मोजक्याच गाड्या थांबतात, पण फौज वेळ पाळते म्हणे. मतदान झालं. सात जण रेल्वे.

सीएने लिहिलं, "म्हणजे गाडीतून माणसं कुणीच नाहीत?"

मेहुणा फोनशी बोलला, "कार नुसती. आणि ड्रायव्हर."

सीएने विचारलं, "टायटॅनियमचा?"