कोयता असताना सुरी कशाला? लांज्याच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. ट्रेकला नेण्यासाठी पहिल्यांदा सुरी घेणाऱ्यांना मी मागच्या लेखात मोरा कंपॅनियन ही स्वीडिश सुरी सुचवली, त्यावर तुम्ही लिहिलंत. तुमची प्रतिक्रिया खाली जाईल आणि कुणी उघडून वाचणार नाही, म्हणून ती आधी थोडक्यात इथे मांडतो. तुमचं म्हणणं असं: दोन हजार रुपये घालून प्लास्टिकच्या मुठीची स्वीडिश सुरी कशाला घ्यायची, आमच्या लोहाराचा कोयता तीनशेत येतो आणि तीस वर्षं टिकतो. या सुरीचं पातं मुठीत अर्ध्यावर संपतं, एक दणका बसला की मोडणार. आणि पोरांच्या हातात सुऱ्या देऊन त्यांना पोलीस चौकीत पाठवायचं आहे का? शेवटी एक टोमणा, "जाहिरातीचे किती मिळाले?"

काही मिळाले नाहीत. सुरी माझ्या पैशांची आहे, आणि ती पहिली नव्हे, दुसरी. पहिलीची गोष्ट पुढे येईलच.

चौकीचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. मूळ लेखात मी बेफिकिरीने लिहिलं होतं की चार इंचांच्या पात्याला कोण विचारतो. शस्त्र नियमांत मर्यादा आहे ती ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, आणि शेतीची, घरकामाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. या हिशेबात तुमचा कोयताही सुटतो आणि माझी सुरीही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाईचे आदेश निघतात, ते लागू असताना हे इंच सांगत बसण्यात अर्थ नसतो. शिवाय पुण्यात 'कोयता' हा शब्द हल्ली पेपरात कुठल्या बातमीत येतो ते तुम्हाला ठाऊक आहे. स्टेशनवर सॅकमधून कोयत्याची मूठ बाहेर डोकावत असेल तर "शेतीसाठी आहे हो" हे ऐकायला समोरच्याला उसंत नसते.

यापेक्षा मोठी चूक दुसरीच, जी तुम्हीही पकडली नाहीत. लेखात मी फोटो टाकला होता तो हरिश्चंद्रगडावरचा. तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राची जी व्याख्या आहे तिच्यात सुरीचं नाव आहे, आणि अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. म्हणजे भीमाशंकर, कोयना, हरिश्चंद्रगड इथे सुरी घरी ठेवायची आणि कांदा घरूनच चिरून डब्यात न्यायचा. मी कायदा न बघता फोटो टाकला. तो काढलाय आणि तिथे ही ओळ घातलीय.

आता कोयता. कोयत्याला मी नावं ठेवलेली नाहीत, ठेवणारही नाही. माझा मामा कमरेच्या आकडीतून तो काढून नारळ तीन घावांत उघडतो, तेव्हा चौथा घाव घालायची कुणाला गरजच पडत नाही. पण त्या तीन घावांमागे कोयत्याचं वजन आहे, आणि वजन सगळं पुढे, वाकलेल्या टोकाकडे. त्याच कोयत्याने लसूण सोलून बघा. राजमाचीला आमच्यातल्या एकाने गावाहून आणलेला कोयता काढला, ताट उपडं करून त्यावर कांदा ठेवला, आणि पाचव्या मिनिटाला कांद्याच्या फोडी ताटाबाहेर आणि ताटावर एक कायमची खाच. त्याला म्यान नव्हतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. परतताना सॅकच्या तळाला बोटभर चीर पडलेली दिसली, आणि त्याच्या आत झोपायची मॅटही कापलेली. पाठीला लागला नाही हे नशीब. सुरी घेताना लोक पात्याकडे बघतात आणि म्यानाकडे बघतच नाहीत. उलटी धरून झटकली तरी सुरी म्यानातून पडता कामा नये, ही माझी पहिली परीक्षा.

आता अर्धवट पात्याचं. पातं मुठीच्या शेवटपर्यंत गेलेलं नसलं की सुरी कच्ची, हे मीही मानायचो. म्हणून पहिली सुरी घेतली ती पाच मिलिमीटर जाड, पातं मुठीच्या टोकापर्यंत, बत्तीसशे रुपयांची. हातात घेतली की छाती फुगायची. तिने गाजर चिरलं जात नव्हतं, फुटत होतं. पातं अर्ध्यात गेलं की पाचरीसारखं अडकायचं आणि मग 'कट्' आवाज करून गाजराचे दोन तुकडे दोन दिशांना. टोमॅटोचं तर बोलूच नका. वर्षभर वागवली, नंतर एका मित्राने माळ्यावरच्या खोक्यांच्या पट्ट्या कापायला नेली ती तिकडेच राहिली.

फिनलंडमध्ये पुक्को नावाची पारंपरिक सुरी असते. तिच्यात पात्याची बारीक शेपटीच भूर्जाच्या लाकडी मुठीत जाते, आणि त्या सुरीने तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या लाकूडही तासतात आणि मासेही साफ करतात. मी सुचवलेली मोरा कंपॅनियन ही स्वीडनमधल्या मोरा गावाची, आणि तिकडे ती बांधकामावरच्या सुताराच्या, वायरमनच्या कमरेला असते. पातं १०.४ सेंटिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर. ती मोडते कधी? तिच्या पाठीवर ओंडका आपटून लाकडं फोडायला लागलात तर. तुमचा दणक्याचा मुद्दा तिथे शंभर टक्के खरा. पण सह्याद्रीत रात्री राहायला जाताना आपण गॅस नेतो, आणि जंगलातलं लाकूड तोडायचं तर नाहीच नाही. मग उरतं काय? दोरी कापणं, बांबूची खुंटी तासणं, पाकिटं उघडणं, कांदा-बटाटा. त्याला पातळ पातं लागतं.

आता लोहाराचा मुद्दा. हा तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे, आणि त्यावर माझा लेख तोकडा पडला. चांगला लोहार ट्रकचा मोडका पाटा घेऊन जे करतो ते पोलाद अव्वल असतं. अडचण दोन ठिकाणी येते. एक, पाटाच आठ-दहा मिलिमीटर जाड, तो ठोकून अडीचवर आणायचा म्हणजे कोळसाही जातो आणि खांदाही. म्हणून बाजारात लोहाराची सुरी येते ती कोयत्याच्या धाकट्या भावासारखी जाडजूड. दोन, पाणी, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करणं. पात्याला पाणी नीट बसलं नाही तर उत्तम पाट्याचंही पत्र्यासारखं होतं.

मी एका आठवडी बाजारात खिशात कानस घेऊन फिरलो. (विकणाऱ्यांच्या नजरा आठवल्या की अजून हसू येतं.) धारेच्या जवळ कानस हलकेच ओढायची. पाणी बसलेल्या पात्यावर ती घसरते, जेमतेम ओरखडा उठतो. कच्च्या पात्यात लगेच चावते आणि बोटाला बारीक चुरा लागतो. तीन सुऱ्या पाहिल्या. पहिलीत कानस चावली. दुसरी चकचकीत, पाठीला करवतीचे दात, मुठीच्या बुडाशी होकायंत्र, आत पोकळ मूठ आणि त्यात आगपेटी. तिच्यात कानस लोण्यासारखी गेली. पोकळ मूठ म्हणजे पातं आणि मूठ जिथे जोडलंय तिथेच सुरी संपते, तेव्हा काका, तुमची मोडण्याची भीती इथे वापरा. तिसरी एका म्हाताऱ्या लोहाराकडची. तिच्यावर कानस घसरली. मी विचारलं, तर म्हणाला, नुसती धार पाण्यात बुडवतो, पाठ कोरडी ठेवतो, मग पुन्हा हलकं तापवून धारेवर सुक्या गवताचा रंग आला की थांबतो. म्हणजे धार कडक आणि पाठ चिवट. ती सुरी मी घेतली, दोनशे ऐंशीला. त्याच्याकडूनच पुढच्या वर्षी दुसरी घेतली तर तिची धार बांबूवर वळली. परत नेली, त्याने बघितली, मान हलवली, पुन्हा पाणी दिलं, पैसे घेतले नाहीत. कारखान्याच्या सुरीला आपण जास्त पैसे मोजतो ते एवढ्याचसाठी, शंभरावी सुरीही पहिलीसारखीच निघते. पहिल्यांदा घेणाऱ्याला कानस धरता येत नाही, लोहार ओळखता येत नाही, म्हणून मी तिचं नाव लिहिलं.

गंजाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कोकणातून लिहिताय म्हणून सांगतो. आजीची लोखंडी विळी कैरी चिरली की काळी पडायची, ती पुसून तेलाचं बोट फिरवून ठेवायची. कार्बन पोलादाच्या सुरीचं तेच. जो विळीला जपेल त्याने खुशाल कार्बन घ्यावी, धार झकास लागते. बाकीच्यांनी, आणि पावसाळ्यात ट्रेक करणाऱ्यांनी, स्टेनलेस. मोराच्या स्टेनलेस पात्यात साडेतेरा टक्के क्रोमियम असतं. तेही ओल्या म्यानात आठवडाभर ठेवलं तर डाग पडणारच.

आणि दोन हजार सगळे सुरीत घालू नका, हे लेखात ठळक लिहायला हवं होतं. तीन-चारशे धार लावायच्या दगडाला ठेवा. या सुरीची धार एकाच सपाट उताराची असते. तो उतार दगडावर टेकवला की तो आपोआप बसतो, कोन अंदाजाने धरावा लागत नाही. नवशिक्यासाठी मी ती निवडली त्यात निम्मं कारण हेच.

तर काका, तुमच्या लोहाराला एक विचारा. चार इंच पातं, पाठ अडीच-तीन मिलिमीटर, मूठ शिवणाच्या लाकडाची चालेल, घट्ट म्यान हवं. पाटा मी आणून देतो. सहाशे म्हणाले तरी चालतील, आणि जमली तर लेखात पहिलं नाव त्यांचं जाईल, मोरा दुसरी. गणपतीत लांज्यावरूनच जायचंय. कानस सोबत असेल.