अंगावरच्या डागाची नोंद

मतिमंद मुलांच्या एखाद्या वसतिगृहातली बातमी बाहेर आली की महाराष्ट्रात चर्चा दोनच वाटांनी जाते: फाशी द्या आणि सीसीटीव्ही लावा. कळंबोलीच्या बालगृहातले अत्याचाराचे प्रकार 2011 मध्ये उघडकीस आले तेव्हा हेच ऐकलं, आजही नातेवाइकांच्या ग्रुपवर हेच वाचते. संताप रास्तच आहे. पण फाशीची भाषा येते तोवर त्या लेकराचे हाल होऊन गेलेले असतात. आणि कॅमेऱ्यात सगळं कुठे दिसतं? फेब्रुवारी 1994 मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण सांगितलं पाळीच्या स्वच्छतेचं. ते कुणी चोरून केलं नव्हतं. डॉक्टरांनी, अधिकाऱ्यांनी, राजरोस केलं.

मी बर्मिंगहॅममध्ये बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या एका घरात काम करते. इथे आम्हाला सर्वांत आधी एक कागद भरायला शिकवतात. त्यावर माणसाची पुढून आणि मागून अशी आकृती छापलेली असते. अंघोळ घालताना अंगावर काहीही दिसलं, साधं खरचटलेलं का असेना, की त्या जागी खूण करायची. आकार, रंग, वेळ लिहायची आणि सही करायची. कारण ठाऊक नसेल तर ‘माहीत नाही’ असंच लिहायचं, अंदाज ठोकायचा नाही. आमच्याकडच्या एका गृहस्थांच्या दंडाच्या आतल्या बाजूला एका सकाळी ओळीने चार निळसर ठिपके दिसले. पलंगाचा कोपरा लागून असे ठिपके उठत नाहीत, ती बोटं असतात. त्यांना बोलता येत नाही. तरी कागद कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे गेला, तिथून चौकशीला एक बाई आल्या, चित्रांची कार्डं घेऊन त्यांच्याशेजारी बसल्या, आम्हा प्रत्येकाला वेगळं बोलावून विचारलं. सुट्टीच्या दिवशी बदलीवर आलेल्या माणसाने त्यांना दंडाला धरून ओढत उठवलं होतं. तो पुन्हा कामावर आला नाही. चौकशी करणं इंग्लंडमध्ये कौन्सिलवर 2014 च्या केअर ॲक्टने बंधनकारक आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने स्वतः तक्रार करायची वाट बघत नाहीत.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात रुग्णांना मारहाण होत होती. तिथल्या एका वरिष्ठ नर्सने व्यवस्थापनाला कळवलं, सरकारी तपासणी यंत्रणेलाही कळवलं, काही हललं नाही. 2011 मध्ये बीबीसीने छुपं चित्रीकरण दाखवलं तेव्हा देश हादरला. अकरा जण दोषी ठरले, सहा तुरुंगात गेले. नंतरच्या अहवालात एक गोष्ट होती जी मला सर्वांत जास्त लागली: नातेवाइकांना वॉर्डात जाऊ देत नव्हते. आणखी एक दुखणं आपल्या लोकांचं. केअर व्हिसावर, म्हणजे एका मालकाकडे सेवा-शुश्रूषेच्या कामासाठी मिळणाऱ्या व्हिसावर आलेल्याची नोकरी गेली तर दुसरा मालक शोधायला साधारण साठच दिवस मिळतात. कर्ज काढून आलेली मुलगी मालकाविरुद्ध तोंड कशी उघडेल? कंत्राटावर ठेवलेल्या आपल्याकडच्या वसतिगृहातल्या आयाबाईची गत वेगळी नाही.

कायद्यात आपण मागे नाही, हे मी इथल्या सहकाऱ्यांनाही सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016, कलम 7: अत्याचार होतोय, किंवा होईल असं वाटण्याला कारण आहे, एवढ्यावर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला माहिती देऊ शकतं. म्हणजे आपल्याकडे तहसीलदाराला. शेजारी देऊ शकतो, रिक्षावाला देऊ शकतो. मग तो प्रकार थांबवण्यासाठी ताबडतोब पावलं उचलणं तहसीलदारावर बंधनकारक आहे. सुटकेचा हुकूम काढता येतो, पोटगीचासुद्धा. लैंगिक अत्याचार झालेल्या दिव्यांग स्त्रीची फिर्याद पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी जाऊन, दुभाषी किंवा विशेष शिक्षक सोबत घेऊन नोंदवायची, हेही फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आहे. अपंग साक्षीदाराची साक्ष कमी दर्जाची मानू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट बजावलंय.

पण किती आईबापांना ठाऊक आहे की यासाठी तहसील कचेरीत जाता येतं? ‘आमच्यानंतर हिचं कोण?’ या काळजीने लेकीला संस्थेत ठेवणारी आई संस्थेला दुखवायला घाबरते, कारण दुसरीकडे जागा नसते. तिच्या भीतीवर फाशी हे उत्तर नाही. पालक संघटनांनी सरकारकडे आधी हे मागावं: प्रत्येक निवासी संस्थेत अंगावरच्या डागांची रोजची नोंद, ती तपासायला संस्थेबाहेरचा माणूस, आणि संस्थेला आधी न कळवता, कोणत्याही वेळी, थेट लेकराच्या खाटेपर्यंत जाण्याची आईबापांना मुभा. जी संस्था हे नाकारेल तिचं अनुदान थांबवावं.