झॅमलचा स्क्रीन मुकाट बिघडत नाही

मुंबईतल्या डेस्कटॉप प्रोग्रामरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांमधून एक सल्ला पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतो. मसजिद बंदरच्या गाळ्यातलं बिलिंग असो, दादरच्या लॅबचं रिपोर्टिंग असो की सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब, डब्ल्यूपीएफ (विंडोजवरचे प्रोग्राम बनवण्याचं मायक्रोसॉफ्टचं तंत्र) आणि झॅमल (त्यातले स्क्रीन लिहायची भाषा) यांच्या वाटेला जाऊ नका, असं तो सांगतो. कारणं पाच दिली आहेत. बाइंडिंग, म्हणजे स्क्रीनवरची जागा आणि कोडमधला डेटा यांची जोडणी, चुकलं तरी एरर येत नाही. रुपयांच्या जागी डॉलर दिसतात आणि तारखा उलटतात. यादी मोठी झाली की स्क्रीन गोठतो. रेघा धूसर दिसतात. स्टाइल सांगितलेलं ऐकत नाही. म्हणून सगळं विंडोज फॉर्म्स या जुन्या तंत्रात परत लिहा, हा शेवट.

यातली लक्षणं खरी आहेत, कारणं मात्र चुकीची लावली आहेत. एवढ्यावरून कुणी चालतं सॉफ्टवेअर मोडीत काढणार असेल, तर आधी पुढचं तपासून पाहावं.

‘एरर येतच नाही’

येतो. डब्ल्यूपीएफ त्यासाठी प्रोग्राम थांबवत नाही, एवढंच. पाथ (बाइंडिंगमध्ये लिहिलेलं प्रॉपर्टीचं नाव) चुकला की व्हिज्युअल स्टुडिओच्या आउटपुट विंडोत ‘सिस्टिम.विंडोज.डेटा एरर: ४०’ अशी ओळ उमटते. कोणती प्रॉपर्टी सापडली नाही आणि ती कोणत्या प्रकारच्या ऑब्जेक्टवर शोधली, हे दोन्ही त्या ओळीत असतं. बहुतेक जण पहिलं वाचून स्पेलिंग तपासत बसतात. दुसरं आधी वाचा. ‘ग्राहकनाव’ ही प्रॉपर्टी ‘बिल’ या क्लासवर शोधली गेली असेल, तर स्पेलिंग बरोबर आहे आणि डेटाकॉन्टेक्स्ट, म्हणजे बाइंडिंग ज्या ऑब्जेक्टवर शोधतं तो, चुकलाय.

ही ओळ दिसायला प्रोग्राम डीबगरसह, म्हणजे एफ५ ने चालवावा लागतो. कंट्रोल-एफ५ ने चालवला तर आउटपुट विंडो कोरीच राहते. टूल्स, ऑप्शन्स, डीबगिंग, आउटपुट विंडो या वाटेने गेल्यावर डब्ल्यूपीएफ ट्रेस सेटिंग्ज सापडतात. तिथे डेटा बाइंडिंग ‘ऑफ’ असेल तरीही काही उमटत नाही.

दावा जरा तरी टिकतो तो एकाच ठिकाणी: डेटाकॉन्टेक्स्ट मुळात नलच (रिकामा) असेल तर नेहमीच्या पातळीवर खरोखरच काही लिहिलं जात नाही. अशा वेळी त्या एका बाइंडिंगमध्ये ‘प्रेझेंटेशनट्रेससोर्सेस.ट्रेसलेव्हल=हाय’ लिहा. त्यासाठी फाइलच्या डोक्यावर सिस्टिम.डायग्नॉस्टिक्सची नेमस्पेस जोडावी लागते. मग सोर्स कुठे शोधला, काय मिळालं, काय मिळालं नाही, हे पायरीपायरीने छापलं जातं. अडचण गिऱ्हाइकाच्या मशीनवरच येत असेल, तर प्रोग्राम सुरू होताना ‘प्रेझेंटेशनट्रेससोर्सेस.रिफ्रेश’ बोलवा आणि ‘डेटाबाइंडिंगसोर्स’ला फाइलमध्ये लिहिणारा ट्रेसलिसनर जोडा. गाळ्यातल्या माणसाकडून फक्त ती फाइल मागवायची.

एरर ‘२’ दिसला आणि त्यात ‘गव्हर्निंग फ्रेमवर्कएलिमेंट’ सापडत नसल्याचं म्हटलं असेल, तर बाइंडिंग बहुधा डेटाग्रिडच्या कॉलमवर आहे. कॉलम व्हिज्युअल ट्रीमध्ये (स्क्रीनवरच्या घटकांच्या साखळीत) नसतो, त्यामुळे डेटाकॉन्टेक्स्ट त्याच्यापर्यंत पोचत नाही. फ्रीझेबलवरून काढलेला छोटा प्रॉक्सी क्लास रिसोर्समध्ये ठेवून त्याच्यामार्फत बाइंड करा.

काही तक्रारी तर एररच्या नसतातच. आकडा कोडमध्ये बदलतो आणि स्क्रीनवर जुनाच राहतो, कारण क्लासमध्ये बदल झाल्याचं स्क्रीनला कळवणारं आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड नाही. नवी ओळ यादीत दिसत नाही, कारण ऑब्झर्व्हेबलकलेक्शनऐवजी साधी लिस्ट दिली आहे. तिसरी तक्रार सगळ्यांत त्रासाची: शेवटच्या टेक्स्टबॉक्समध्ये टाइप केलेलं सेव्ह होत नाही. वेगळं सांगितलं नसेल तर टेक्स्टबॉक्स आपली किंमत फोकस सुटल्यावरच पुढे पाठवतो. टूलबारचं बटण दाबल्यावर तो फोकस सुटत नाही, कारण टूलबारचा फोकस-स्कोप वेगळा असतो. बाइंडिंगमध्ये ‘अपडेटसोर्सट्रिगर=प्रॉपर्टीचेंज्ड’ लिहा, काम झालं.

आणि विंडोज फॉर्म्समध्ये हे सगळं पकडलं जातं, असंही नाही. तिथल्या डेटाग्रिडव्ह्यूमध्ये कॉलमची प्रॉपर्टी स्ट्रिंगमध्येच लिहायची असते. नाव चुकलं तर कॉलम रिकामा दिसतो.

‘रुपये डॉलर होतात, तारखा उलटतात’

मुंबईतल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा सर्वांत गंभीर मुद्दा, आणि उपायाला सर्वांत सोपा. विंडोजचा प्रदेश भारत ठेवला तरी डब्ल्यूपीएफचं बाइंडिंग तिकडे बघत नाही. ते एलिमेंटची ‘लँग्वेज’ प्रॉपर्टी बघतं आणि तिची मूळ किंमत अमेरिकन इंग्रजी आहे. म्हणून एकच रक्कम कोडमधून मेसेजबॉक्समध्ये ₹१२,३४,५६७.५० येते आणि शेजारच्या ग्रिडमध्ये $१,२३४,५६७.५०.

रक्कम निदान डोळ्यांना खुपते. तारीख खुपत नाही. टेक्स्टबॉक्स थेट तारखेला बांधला असेल आणि कारकुनाने ५ जूनसाठी ०५/०६ असं लिहिलं, तर आत ६ मे जातो. २५/०६ लिहिलं तर २५ वा महिना नसल्यामुळे लाल चौकट येते. म्हणजे बाराव्या तारखेपर्यंत चूक गुपचूप नोंदवली जाते आणि तेराव्यापासून तक्रारी सुरू होतात. ‘महिन्याच्या शेवटी सॉफ्टवेअर बिघडतं’ असं कुणी सांगितलं, तर आधी इथे पाहा, आणि मागच्या नोंदीही तपासा.

उपाय एकदाच करायचा. ॲप सुरू होताना, पहिली विंडो उघडण्याआधी, फ्रेमवर्कएलिमेंटच्या लँग्वेजप्रॉपर्टीचा मेटाडेटा ‘ओव्हरराइडमेटाडेटा’ने बदला आणि त्यात चालू कल्चर (विंडोजमधली भाषा-प्रदेशाची निवड) द्या. ही ओळ दोनदा चालली तर एक्सेप्शन येतं. टेक्स्टब्लॉकच्या आतला ‘रन’ फ्रेमवर्कएलिमेंट नसल्यामुळे त्याच्यावर या ओळीचा परिणाम होत नाही. त्यापेक्षा प्रत्येक विंडोवरच लँग्वेज लिहिली, तर ती वारशाने रनपर्यंत उतरते.

याच मुद्द्यात आणखी एक गोंधळ मिसळलेला असतो. लेबलच्या कॉन्टेंटवर स्ट्रिंगफॉरमॅट लिहिलं तर ते चालत नाही, कारण कॉन्टेंट स्ट्रिंग नसून ऑब्जेक्ट आहे. तिथे ‘कॉन्टेंटस्ट्रिंगफॉरमॅट’ वापरावं, किंवा टेक्स्टब्लॉक घ्यावा.

‘मोठ्या यादीला स्क्रीन गोठतो’

लिस्टबॉक्स आणि डेटाग्रिड दिसतील तेवढ्याच ओळी बांधतात. ५०,००० नोंदींपैकी डोळ्यांसमोर ३० असतील, तर कंट्रोल साधारण तेवढेच तयार होतात. पण हाच डेटाग्रिड कुणी स्टॅकपॅनलमध्ये, बाहेरच्या स्क्रोलव्ह्यूअरमध्ये किंवा उंची ‘ऑटो’ असलेल्या ग्रिडच्या ओळीत ठेवला, की त्याला ‘उंची अमर्याद आहे’ असं सांगितलं जातं. मग तो सगळ्याच्या सगळ्या ५०,००० ओळी बांधायला बसतो. ओळीची उंची ‘ऑटो’ऐवजी ‘*’ करा आणि बाहेरचा स्क्रोलव्ह्यूअर काढून टाका.

त्यानेही फरक पडला नाही तर तीन गोष्टी पाहा. स्क्रोल गुळगुळीत व्हावा म्हणून ‘कॅनकॉन्टेंटस्क्रोल=फॉल्स’ केलं असेल तर व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे दिसतील तेवढ्याच ओळी बांधणं, बंद पडतं; त्याऐवजी ‘स्क्रोलयुनिट=पिक्सेल’ ठेवा. यादी गटवार लावली असेल तर ‘इजव्हर्च्युअलायझिंगव्हेनग्रुपिंग’ ट्रू करा. या दोन्ही सोयी डॉटनेट ४.५ पासून आहेत. तिसरं म्हणजे कॉम्बोबॉक्स. त्याच्या आत मुळातच साधा स्टॅकपॅनल असतो, म्हणून हजारो ग्राहकांची यादी उघडताना तो अडतो. त्याच्या आयटम्सपॅनलमध्ये व्हर्च्युअलायझिंगस्टॅकपॅनल द्या.

डेटाबेसची क्वेरी यूआय थ्रेडवर (स्क्रीन सांभाळणाऱ्या थ्रेडवर) चालवून गोठलेला स्क्रीन मात्र कुठल्याही तंत्रात गोठेल. क्वेरी मागच्या थ्रेडवर न्या. तिथून कलेक्शनमध्ये ओळी भरायच्या असतील, तर यूआय थ्रेडवरून एकदा ‘एनेबलकलेक्शनसिंक्रोनायझेशन’ बोलवून ठेवा, नाहीतर एक्सेप्शन येईल.

‘धूसर दिसतं’

डब्ल्यूपीएफचं एक एकक म्हणजे इंचाचा ९६ वा भाग. विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के असेल तर एका एककाची रेघ सव्वा पिक्सेलची होते आणि तिची कड पसरते. विंडोवर ‘यूजलेआउटराउंडिंग=ट्रू’ लिहा. बारीक अक्षरांसाठी ‘टेक्स्टफॉरमॅटिंगमोड=डिस्प्ले’. दुकानाचा लोगो फुगून अस्पष्ट दिसत असेल तर फाइलमधला डीपीआय (इंचामागचे ठिपके) पाहा. ७२ डीपीआयची १०० पिक्सेलची पीएनजी १३३ एककं जागा घेते. ती ९६ डीपीआयवर सेव्ह करा.

मराठी मात्रा-वेलांट्या वरून-खालून कापल्या जातात त्याचं कारण निराळं आहे. सीगो यूआय या विंडोजच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे दुसरा फॉन्ट येतो, आणि ठोकून बसवलेल्या २२ उंचीत तो मावत नाही. ‘हाइट’ऐवजी ‘मिनहाइट’ द्या आणि फॉन्ट निर्मला यूआय ठेवा.

‘स्टाइल ऐकत नाही’

बटणावर थेट ‘बॅकग्राउंड’ लिहिलं असेल तर स्टाइलमधला ट्रिगर (अट पूर्ण झाल्यावर रंग बदलणारा नियम) त्याला हरवू शकत नाही; थेट लिहिलेली किंमत वरचढ असते. तो रंग स्टाइलच्या सेटरमध्ये हलवा. माउस नेल्यावर तरीही निळसर छटा येत असेल तर ती बटणाच्या मूळ टेम्पलेटमधली आहे, आणि टेम्पलेट बदलल्याशिवाय जाणार नाही.

सल्ल्यात एक खरी उणीव यायला हवी होती, ती राहून गेली. डब्ल्यूपीएफमध्ये बाइंडिंगचा पाथ कंपाइल होताना तपासला जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या यूडब्ल्यूपी आणि विनयूआय या तंत्रांत तो तपासणारं ‘एक्स:बाइंड’ आहे, ते इथे नाही. त्यावर अर्धा तोडगा असा: प्रत्येक विंडोच्या डोक्यावर ‘डी:डेटाकॉन्टेक्स्ट’मध्ये डिझाइनइन्स्टन्सने व्ह्यूमॉडेलचा (स्क्रीनला डेटा पुरवणाऱ्या क्लासचा) प्रकार लिहून ठेवा. प्रोग्राम चालताना त्याचा काही परिणाम होत नाही, पण पाथ टाइप करताना व्हिज्युअल स्टुडिओ प्रॉपर्ट्यांची नावं सुचवतो.