‘पुरुषाला कसली लाज?’ या व्हॉट्सॲप सल्ल्याला उत्तर

सध्या गटागटांतून फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये जीव वाचणं महत्त्वाचं. पुरुषाला तपासायला पडदा कशाला? दुष्परिणाम सांगून म्हाताऱ्या माणसाला घाबरवू नका. मुलाला सांगा, सही तो करेल. ऑपरेशननंतर लघवी गळते, ती गळणारच.’ पहिलं वाक्य खरं आहे. पुढची सगळी रुग्णाला महागात पडतात.

आधी पडदा. प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालची ग्रंथी; ती गुदद्वारातून बोटाने तपासायला मिनिटभरही लागत नाही, त्यामुळे ‘ओपीडीत वेळ नाही’ ही सबब टिकत नाही. काय करणार ते आधी सांगायचं, डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवायचं, कमरेवर चादर, भरपूर जेली. नंतर पुसायला कागद द्यायचा आणि कपडे नीट झाल्यावरच बोलायचं. विजार खाली असताना ‘गाठ लागतेय’ ऐकलेल्या माणसाच्या डोक्यात पुढचं काही शिरत नाही. दार उघडं असलं की तो अंग आवळतो, मग दुखतं आणि तपासणीही अर्धवट होते. महिला रुग्णाला पुरुष डॉक्टर तपासत असेल तर सोबत स्त्री हवी, असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत स्पष्ट आहे. खासगीपणाचा हक्क मात्र त्याच सनदेत सगळ्यांना आहे, पुरुषांनाही.

मुलाच्या सहीबद्दल: रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती त्याचीच. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने, रुग्ण भुलीखाली असताना आईकडून घेतलेली संमती अग्राह्य ठरवली होती. प्रोस्टेटमध्ये याला फार वजन आहे. हा कॅन्सर ज्याच्यावर वाढतो ते पुरुषी संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, खाली आणायला दर महिन्याला, तीन किंवा सहा महिन्यांनी इंजेक्शन घेता येतं, किंवा दोन्ही वृषणं काढता येतात. दुसरा मार्ग स्वस्त आणि एकदाच करायचा, म्हणून वारंवार मुंबईला येणं न परवडणाऱ्यांना तो सुचवला जातो. वैद्यकीयदृष्ट्या त्यात गैर काही नाही, पण तो परत फिरवता येत नाही. आपल्याकडे घडतं असं की फाइल घेऊन मुलगा आत जातो आणि वडील बाहेर बाकावर बसतात. उलट करा. ताठरता, इच्छा, अंगातून येणाऱ्या गरम लाटा हे विषय वडील मुलासमोर काढणारच नाहीत. मुलाला पाच मिनिटं बाहेर थांबवा.

‘गळणारच’ हे सर्वांत घातक, कारण ते ऐकून माणूस प्रयत्नच सोडतो. प्रोस्टेट काढल्यावर लघवीची नळी (कॅथेटर) साधारण एक ते दोन आठवडे असते. ती चुकून निघाली तर जवळच्या दवाखान्यात पुन्हा घालून घेऊ नका, मूत्राशय आणि मूत्रमार्ग यांचा आतला जोड कच्चा असतो; ऑपरेशन केलेल्या युरॉलॉजिस्टलाच (मूत्रविकारतज्ज्ञाला) गाठा. लघवीची पिशवी मूत्राशयापेक्षा खालच्या पातळीवर, नळी मांडीला चिकटपट्टीने पक्की. नळी निघाल्यावर बहुतेकांची गळती काही महिने ते वर्षभरात बरीच आटोक्यात येते, पण व्यायाम हवा: वारा रोखतो तसे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू वर ओढायचे, पाच ते दहा सेकंद धरायचे, तितकाच वेळ सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. नितंब आवळणं आणि श्वास कोंडणं या नेहमीच्या चुका. व्यायाम ऑपरेशनआधीच शिकवावा. नळी आत असताना करू नये.

इथे मुंबईची एक खास अडचण आहे. विरार किंवा कल्याणहून परळच्या रुग्णालयात येणारा माणूस लोकलमध्ये शौचालय नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. मग लघवी दाट होते, मूत्राशय चिडतं, घाई आणखी वाढते. पाणी थोडं थोडं प्या, चहा-कॉफी परतीच्या प्रवासानंतर, हातातल्या पिशवीत दोन जादा पॅड आणि अंगात गडद रंगाची पँट. कॅन्सर रुग्णांना दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं. कागदपत्रं जवळ ठेवा.

आणि पडद्याला चोचले म्हणणाऱ्यांनी एकदा पुरुषांच्या शौचालयात डोकावावं. वापरलेलं पॅड टाकायला तिथे बहुधा झाकणाचा डबा नसतो. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, शबनममध्ये लपवून, गर्दीच्या लोकलमधून घरी न्यावं लागतं. निदान युरॉलॉजीच्या ओपीडीबाहेर पायाने उघडणारा एक डबा ठेवायला काय हरकत आहे?