गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला डमी मारू नका

'गिझर बदलताना टपकणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हला (जादा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपेला) डमी मारा, म्हणजे बूच लावा, पाणी वाचेल' हा मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा सल्ला चुकीचा आहे, जिवावर बेतणारा आहे. 15 लिटर पाणी 25 वरून 75 अंशांवर तापलं की सुमारे 350 मिलिलिटरने फुगतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) ते मागच्या पाइपात जात नाही, म्हणून व्हॉल्व्हमधून टपकतं. टपकू द्या, खाली नळी जोडा. तो बुजवला आणि तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट चिकटून हीटर बंदच झाला नाही, तर गिझरची टाकी फुटू शकते.

गिझर बंद असतानाही धार लागते? मग व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा दाब जास्त आहे. गच्चीवरची टाकी दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब देते. टॉवरच्या खालच्या मजल्यांवर दाब कमी करणारा प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह हवाच. आणि नव्या गिझरला जुना व्हॉल्व्ह लावणं ही कंजुषी नकोच.