गिलमोरच्या चार नोटा आणि मिरजेचा कान : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची लांबलचक प्रतिक्रिया दोनदा वाचली. आधी मनापासून आभार, कारण गिटारवर मराठीत इतक्या पोटतिडकीने भांडायला कोणीतरी आलं याचाच मला आनंद झाला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी माझे पाच आवडते रॉक गिटारिस्ट लिहिले होते, पहिला पिंक फ्लॉइड या बँडचा डेव्हिड गिलमोर, मग हेंड्रिक्स, जेफ बेक, मार्क नॉफ्लर आणि टोनी आयोमी. त्यावर तुमचं म्हणणं असं की गिलमोर चार नोटा वाजवतो आणि डोळे मिटतो, त्याचे सोलो तुमच्या क्लासमधली पोरं सहा महिन्यांत वाजवतात, उरलेली सगळी जादू डिले (सूर मागून परत ऐकवणारं यंत्र) आणि फझची (आवाज खरखरीत करणारं यंत्र), एडी व्हॅन हेलन नाही ती यादीच कसली, हे सगळं जुन्या आठवणींचं प्रेम आहे आणि मिरजेच्या माणसाने खरं तर किराणा घराण्याच्या गाण्यावर लिहावं.

एडीचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. त्याला वगळणं ही माझी चूकच. त्याचं 'इरप्शन' हे गिटारवादन १९७८ सालचं, जेमतेम पावणेदोन मिनिटांचं, पण ते ऐकल्यावर जगभरच्या पोरांनी उजवा हात गिटारच्या गळ्यावर आणला आणि तो परत खाली गेलाच नाही. आपल्याकडे तर मायकल जॅक्सनच्या 'बीट इट'चा सोलो घराघरात वाजला, गणपतीच्या मांडवात डान्सच्या कॉम्पिटिशनला वाजला, आणि तो वाजवणारा एडी आहे आणि त्याने त्याचे पैसेही घेतले नव्हते हे नाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण एक सांगू का, एडीचं टॅपिंग, म्हणजे उजव्या हाताच्या बोटांनी गळ्यावर तारा ठोकून वाजवणं, सगळे सांगतात, मला त्याचा ऱ्हिदम जास्त आवडतो. गाणं चालू असताना तो मागे जे वाजवतो ना, ते ऐका, एक पट्टी वर जाते, मधे एक छोटा हार्मॉनिक, म्हणजे तारेचा घंटीसारखा बारीक सूर, चमकून जातो आणि परत ठेक्यावर येतो, त्यात पोहल्यासारखी सहजता आहे. ती त्याच्या घरातून आली असणार, वडील जॅझ बँडमध्ये सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवणारे, लहानपणी त्याला पियानोला बसवलेलं. तर एडी यादीत आला, सहावा म्हणून नाही, नॉफ्लरच्या शेजारी.

आता चार नोटा.

तुम्ही हा आकडा सहज लिहिला असेल, पण योगायोग बघा, गिलमोरच्या खरोखरच चार नोटा आहेत ज्यांच्यावर एक अख्खं गाणं उभं राहिलं. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', १९७५. जवळजवळ चार मिनिटं नुसतं धुकं असतं, मग गिटारवर बी फ्लॅट, एफ, जी, ई. एवढंच. तो ते वाजवून थांबतो, चारही तारा एकमेकींत मिसळत राहतात, मग परत तेच. रिहर्सलला या चार नोटा बँडमधल्या रॉजर वॉटर्सच्या कानावर पडल्या आणि त्यातून सिड बॅरेटवरचं गाणं निघालं, बॅरेट म्हणजे ज्याने हा बँड उभा केला आणि ज्याचं मन बिघडत गेल्यावर १९६८च्या सुरुवातीला गिलमोरला आत घेतलं तो. याच गाण्याचं काम चालू असताना जून १९७५ मध्ये बॅरेट स्वतः ॲबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला, डोकं आणि भुवया काढलेला, अंगाने सुटलेला, आणि त्याच्या जुन्या मित्रांना तो बराच वेळ ओळखताच आला नाही. हे वाचल्यापासून मला ते चार सूर ऐकताना घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं.

आणि तुम्ही किराण्याचं नाव काढलंत म्हणून सांगतो, जी ला सा धरा. बी फ्लॅट कोमल गंधार, एफ कोमल निषाद, मग सा आणि शेवटी ई म्हणजे शुद्ध धैवत. काफी थाट. गिलमोरने राग वाजवला असं मी मुळीच म्हणत नाही, त्याच्या डोक्यात ब्लूज होता. पण तीन सुरांवर उदास वाटत असताना तो शुद्ध धैवत येतो आणि खिडकी उघडल्यासारखं होतं, ते मला मिरजेत वाढल्यामुळे पटकन कळलं, इतकंच.

आठवणींचं प्रेम म्हणालात, तर हिशोब बघा. 'शाइन ऑन' ज्यात आहे ती 'विश यू वेअर हिअर' ही रेकॉर्ड निघाली तेव्हा मी रांगत होतो. माझ्याकडे ती १९९१ मध्ये आली, सांगलीला कॉलेजला जाताना एका मित्राने टीडीकेची ९०ची कॅसेट भरून दिली, एका बाजूला 'डार्क साइड ऑफ द मून' आणि दुसरीकडे 'विश यू वेअर हिअर', दोन्ही अल्बम त्रेचाळीस-चव्वेचाळीस मिनिटांचे त्यामुळे एकेका बाजूत बरोबर बसायचे. फक्त दुसऱ्या बाजूला त्याने रेकॉर्डिंग जरा उशिरा सुरू केलं होतं, म्हणून शेवटचं अर्धं मिनिट टेप संपून खटकन बटण वर यायचं. पुढे कितीतरी वर्षांनी सीडी घेतली तेव्हा कळलं की त्या हरवलेल्या अर्ध्या मिनिटात बँडचा रिक राइट की-बोर्डवर बॅरेटच्या जुन्या 'सी एमिली प्ले'ची ओळ हळूच वाजवतो आणि 'शाइन ऑन' विरत जातं. मी तो निरोप इतकी वर्षं ऐकलाच नव्हता. त्या दिवशी ते चार-पाच सेकंद मी किती वेळा मागे घेऊन ऐकले असतील. तर जी गोष्ट मला पस्तिशीत पहिल्यांदा ऐकू आली तिला तरुणपणीची आठवण कसं म्हणायचं?

आता 'पोरं सहा महिन्यांत वाजवतात' याबद्दल, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

माझी पहिली गिटार साधी बॉक्स गिटार होती, कोल्हापूरहून आणलेली, आणि तिच्या तारा गळ्यापासून इतक्या वर होत्या की बाराव्या परद्यापाशी खालून पेन्सिल सरकवता आली असती. दुकानदार म्हणाला सगळ्या अशाच असतात, बोटं पक्की झाली की होईल. महिनाभर बोटांतून रक्त काढून झाल्यावर मी ती घेऊन आमच्या इथल्या सतारमेकर गल्लीत गेलो. तिथल्या एका चाचांनी कधी गिटार दुरुस्त केली नव्हती, पण त्यांनी ती उचलून डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटून गळ्यावरून नजर लावली आणि म्हणाले, "घोडी उंच हाय रे." तारा सैल करून त्यांनी घोडीतली पांढरी पट्टी काढली, कानसीवर उलटी धरून खालच्या अंगाने घासली, बसवून बघितली, परत काढली, परत घासली. तीनदा. पांढरा भुगा त्यांच्या मांडीवरच्या फडक्यावर पडलेला अजून दिसतो मला.

तारा चढवल्यावर म्हणाले, वाजव. मी त्या वेळी येत होतं ते, गिलमोरच्या 'कम्फर्टेबली नंब'मधल्या दुसऱ्या सोलोची सुरुवात, तार बोटाने ढकलून सूर वर नेला. चाचा ऐकत होते. त्यांना गाणं माहीत नव्हतं, बँड माहीत नव्हता. ते फक्त म्हणाले, "कुठं निघालास?" मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी अर्धवट झालेली एक सतार ओढून घेतली, एक सूर छेडला आणि त्याच परद्यावर तार ओढत मध्यमापर्यंत नेली, मधे कुठेही न अडखळता, आणि वर जाऊन सूर असा थांबला की जणू तो परदाच तिथे होता. "ज्या सुरावर जायचं तो आधी मनात म्हण, मग तार ओढ. तू ओढतोस आणि मग शोधतोस."

सतारीची मींड आणि गिटारचा बेंड, हाताचं काम जवळपास सारखंच, तार परद्यावर आडवी ताणायची. आणि तेव्हापासून मी गिलमोर असा ऐकतो की हा माणूस कुठे निघालाय हे त्याला तार ढकलायच्या आधी माहीत असतं. तो एक टोन जातो, कधी दीड-दोन टोनही जातो, पोचतो तेव्हा बरोबर सुरावर पोचतो, पोचल्यावर लगेच थरथर सुरू करत नाही, क्षणभर सरळ उभा राहतो आणि मग हलके हलके व्हायब्रेटो येतो, बोटाने किंवा स्ट्रॅट गिटारच्या आर्मने, म्हणजे घोडीला लावलेल्या दांडीने. परत खाली येताना कधी आवाज ठेवतो, कधी गुपचूप येतो. चार नोटांत एवढं सगळं आहे.

तुमच्या क्लासमधल्या पोरांनी नोटा पाठ केल्या असतील, मला शंका नाही. पण एक करून बघा. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावा, सा 'बी'वर ठेवा आणि 'कम्फर्टेबली नंब'च्या त्या सोलोतला, साधारण साडेचार मिनिटांच्या पुढचा, पहिला लांब बेंड त्यांना नुसता एकटा वाजवायला सांगा, मागे ड्रम नाही, डिले नाही. तानपुरा लगेच सांगतो कोण किती कमी पडलं ते. मी हे अजूनही करतो आणि दहातले तीन-चार बेंड मनासारखे लागतात. एडीचं टॅपिंग मी दीड वर्षात बऱ्यापैकी बसवलं होतं. हा एक बेंड अजून चालू आहे.

याच सोलोबद्दल आणखी एक, तो एका दमात वाजलेला नाही. गिलमोरने पाच-सहा वेळा वेगवेगळा वाजवला, मग ऐकून कुठला तुकडा चांगला त्याच्या खुणा केल्या आणि त्यातून एक सोलो जोडला. काहींना हे ऐकून वाईट वाटतं. मला उलट भारी वाटतं, म्हणजे वाजवणारा माणूस स्वतःचा श्रोता होऊन बसला आणि आपल्याच वाजवण्यातलं टाकायला तयार झाला.

डिले आणि फझचं म्हणाल तर आवाजात त्यांचा वाटा आहेच, त्याच्याकडचं बिन्सन एकोरेक हे डिलेचं यंत्र काय चीज आहे ते मलाही माहीत आहे. पण 'अनदर ब्रिक इन द वॉल'च्या दुसऱ्या भागाचा सोलो त्याने १९५५ची सोनेरी लेस पॉल गिटार सरळ स्टुडिओच्या मिक्सिंग डेस्कमध्ये लावून वाजवला, ॲम्प नंतर आला, टेपवरचा आवाज मागाहून ॲम्पमधून काढला. म्हणजे बोटं आधीच सगळं बोलून मोकळी झाली होती. आणि चार नोटा म्हणताना तुमचा रोख वेगाकडे असेल, तर ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीकडे बघा ना, बर्मिंगहॅमच्या कारखान्यात सतराव्या वर्षी दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली, त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, तारा हलक्या लावल्या, पुढे त्या उतरवून सैल केल्या आणि त्यातून जो जड, खोल आवाज निघाला त्यावर हेवी मेटल उभं राहिलं. वेग मला आवडतो, पण तो मोजायची पट्टी म्हणून मला पुरत नाही.

राहिलं किराणा. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, दरवर्षी तिथे उरुसाला गाणं होतं आणि लहानपणी वडिलांच्या मांडीवर अर्धवट झोपेत मी ते ऐकलंय. विलंबितात गवई एकेका सुरावर थांबतो, तो सूर पूर्ण उमलला की मगच पुढच्याला हात लावतो, हेच तर किराण्याचं. त्यावर मी नक्की लिहीन, पण ते आणि हे मला दोन वेगळ्या घरातलं वाटत नाही. जेफ बेकने नितीन साहनीचं 'नादिया' गिटारवर वाजवलंय, बाईच्या गळ्यातल्या हरकती तो स्लाइडने काढतो, तुम्ही ऐकलं नसेल तर आज रात्री दिवे घालवून ऐका. लेड झेपलिन बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट तर १९७२ मध्ये मुंबईत येऊन आपल्या वादकांबरोबर 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' रेकॉर्ड करून गेले, ते ध्वनिमुद्रण रीतसर बाहेर यायला २०१५ उजाडलं. त्यात आपले तबलजी आणि व्हायोलिनवाले ज्या जोमाने त्या गाण्यांत शिरलेत ते ऐकून मला फार अभिमान वाटतो.

तर गिलमोर माझ्याकडे पहिलाच राहील, एडी तुमच्यामुळे आत आला. आता मला तुमच्याकडून एक हवंय. तुम्ही क्लास घेता असं लिहिलंय, तर पोरांच्या गिटारला तारा कुठल्या गेजच्या, म्हणजे जाडीच्या, लावता? गिलमोर स्ट्रॅटवर १० ते ४८ (इंचाचे हजारावे भाग) लावतो, आयोमी ८ लावतो, मी नऊवर अडकलोय आणि दहावर गेलो की तो वरचा बेंड पाव सूर कमी पडतो. मनगटाचं काही वेगळं शिकवत असाल तर सविस्तर लिहा, आणि मिरजेला आलात तर आपली गिटार घेऊन या. चाचा आता नाहीत पण त्यांचा मुलगा त्याच दुकानात बसतो आणि घोडी तशीच, तीनदा काढून घासतो.