शेवटच्या पानांवरची बारीक अक्षरे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून सविस्तर लिहितो. जर्मन आधुनिक चित्रकलेवरची पुस्तके कशी निवडावीत या लेखात मी रंग-रेषा सोडून तारखा, मालकीच्या नोंदी आणि प्रिंटच्या आवृत्त्या यांचाच काथ्याकूट केला, हा तुमचा मुख्य आक्षेप. ही कामे लिलाववाल्यांची. रसिकाने चांगली छपाई पाहून पुस्तक घ्यावे, असे तुम्ही म्हणता. नाझींनी छळलेल्या एमिल नोल्डे या चित्रकाराचे राजकारण उकरून काढल्याबद्दलही तुम्ही नाराज आहात.

रंगांचेच आधी घेऊ. फ्रान्झ मार्कचे ‘निळ्या घोड्यांचा मनोरा’ (१९१३) तुम्ही उत्तम छपाईचे उदाहरण म्हणून दिलेत. दोन मीटर उंचीचे हे चित्र बर्लिनच्या नॅशनल गॅलरीत होते. आधुनिक कलेची टर उडवण्यासाठी नाझींनी १९३७ मध्ये म्युनिकला भरवलेल्या ‘विकृत कला’ प्रदर्शनात ते लावले गेले. मार्क पहिल्या महायुद्धात व्हर्दँजवळ मारला गेलेला. त्यामुळे सैन्याधिकाऱ्यांच्या संघटनेने तक्रार केली आणि चित्र उतरवले गेले. पुढे ते नाझी नेता गोरिंगकडे गेले आणि १९४५ पासून बेपत्ता आहे. म्हणजे आज कुठल्याही पुस्तकातला तो निळा रंग युद्धापूर्वीच्या छपाईवरून किंवा छायाचित्रावरून आलेला आहे. दोन पुस्तकांत तो वेगळा दिसला तर खरा कोणता, हे मूळ चित्राशी ताडून पाहता येत नाही. ही गोष्ट सांगते ती पुस्तकाच्या शेवटच्या पानांवरची, चित्र कुठून कुठे गेले याची बारीक अक्षरातली नोंद. गुळगुळीत कागद नाही.

किर्शनर या चित्रकाराच्या बाबतीत तर चित्रावर लिहिलेल्या तारखेवरही भरवसा नको. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयातले ‘रस्ता, ड्रेस्डेन’ घ्या. चित्रावर साल आहे १९०७. संग्रहालय ते १९०८ चे मानते आणि १९१९ मध्ये त्यावर पुन्हा काम झाल्याचे नोंदवते. किर्शनर आपली चित्रे मागच्या तारखेची करत असे, कारण मातीस किंवा मुंक या चित्रकारांचे ऋण त्याला मान्य करायचे नव्हते. एवढ्यावर न थांबता लुई द मार्साल या काल्पनिक फ्रेंच समीक्षकाच्या नावाने त्याने स्वतःवरच कौतुकाचे लेख लिहिले. जुन्या पुस्तकात या समीक्षकाचे अवतरण दिसले तर ते खुद्द किर्शनरचे समजा. ज्या पुस्तकात फक्त ‘१९०७’ छापले आहे, तिथे तुम्ही दहा-बारा वर्षांच्या अंतराने झालेले दोन वेळचे काम एकाच वेळचे समजून पाहता.

नोल्डेची १०५२ कामे नाझींनी संग्रहालयांतून जप्त केली. इतकी दुसऱ्या कुणाचीच झाली नाहीत. पण तो नाझी पक्षाचा सदस्यही होता, आणि आत्मचरित्रातला ज्यूद्वेष युद्धानंतरच्या आवृत्तीत सौम्य केला गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २०१९ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनाने त्या शेजारी-शेजारी मांडल्या. त्याआधीची बरीच पुस्तके फक्त पहिली सांगतात, म्हणून नोल्डेवरचे पुस्तक घेताना प्रकाशनवर्ष पाहा, असे मी सुचवले. त्याची फुलांची चित्रे आवडू नयेत, असे कुठेही म्हटलेले नाही.

१९३७ च्या प्रदर्शनाची मार्गदर्शक पुस्तिका पुनर्मुद्रित मिळते, ती पुरेशी आहे, हे तुमचे म्हणणे मात्र अजिबात पटत नाही. ओटो फ्रॉइंडलिखच्या शिल्पाचे छायाचित्र मुखपृष्ठावर असलेली ती पुस्तिका निव्वळ प्रचारपत्रक आहे. मनोरुग्णांची चित्रे शेजारी छापून टर उडवणे हा तिचा हेतू. म्युनिकच्या दालनांत काय होते याची यादी म्हणून ती वापरू नका. नाझींनी संग्रहालयांतून जप्त केलेल्या कामांची खरी यादी टंकलिखित आहे, दोन खंडांत, शहरवार : पहिला आखेनपासून, दुसरा ग्यॉटिंगेनपासून. दोन्ही खंडांची एकमेव पूर्ण प्रत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असून ती इंटरनेटवर फुकट पाहता येते. नोंदीपुढचे ‘व्ही’ म्हणजे विक्री, ‘टी’ म्हणजे अदलाबदल, ‘एक्स’ म्हणजे नष्ट. चित्रकाराच्या नावाने शोधायला गेलात तर कंटाळाल. आधी संग्रहालयाचे शहर काढा.

राहिले तुमच्या नातेवाइकांकडचे केटे कोल्विट्झ या जर्मन चित्रकर्तीचे एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरून तिच्यावरून काढलेला ठसा. सही नाही म्हणून ते खोटे, असा निष्कर्ष घाईचा आहे. तिच्या मूळ प्लेटवरून तिच्या मृत्यूनंतरही (१९४५) प्रती काढल्या गेल्या. खालच्या कडेला शाईविना दाबून उठवलेला फॉन डेर बेके या प्रकाशकाचा शिक्का असेल, तर प्रत बहुधा नंतरची, पण मूळ प्लेटवरचीच. अशा प्रतींत प्लेट झिजल्याने करड्या छटा सपाट होतात आणि बारीक रेषा फिक्या पडतात. किंमतही बरीच कमी असते. दहापट भिंगातून ठिपक्यांची जाळी दिसली, तर मात्र ती बहुधा छायाचित्रावरून यंत्रावर छापलेली नक्कल. किर्शनरचे उलटे आहे : तो बहुतेक प्रिंट स्वतः काढायचा, त्यामुळे मागे ‘नाखलास’ असा वारशाचा शिक्का असलेली बिनसहीची प्रतही सहसा त्याच्याच हातची असते.

त्या एचिंगची चौकट सोडवून खालच्या कडेवर तिरपा प्रकाश टाका आणि फोटो काढा. माप कागदाचे नको, प्लेटच्या दाबखुणेचे घ्या, आधी उंची, मग रुंदी, मिलिमीटरमध्ये. त्यावरून कोल्विट्झच्या प्रिंटच्या छापील सूचीतला क्रमांक शोधता येईल. १९५५ ची क्लिपश्टाइनची सूची आणि २००२ ची क्नेसेबेकची सूची यांचे क्रमांक वेगळे आहेत, म्हणून मिळालेल्या क्रमांकासोबत सूचीचे नावही लिहून ठेवा.